बेड नंबर चारचं अल्ब्युमिन

६ जानेवारी, सोमवार. अमरावती.

ही डायरी आमचे जावई संघपाल यांच्या बँकेची आहे. संघपाल म्हणाले, "बाबा, डॉक्टर सांगतात ते लिहून ठेवत जा. काल तुम्ही आम्हाला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं." म्हणून लिहितो.

झालं असं. सत्यवती आणि मी नातीचं गॅदरिंग पाहायला शुक्रवारी अकोल्याहून इथे मुलीकडे आलो. त्याच संध्याकाळी सत्यवतीला थंडी वाजून ताप भरला. "मले काही नाई झालं," म्हणाली आणि पोळ्या लाटायला उभी राहिली. शनिवारी दुपारी ती मला "मामाजी" म्हणायला लागली. मामाजी म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मात्र मी घाबरलो. प्रियदर्शनीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, कुणाला न विचारता गाडी काढली.

आता ती आयसीयूत बेड नंबर चारवर आहे. किडनीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला. तोंडात श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी, मानेत सुई. बेशुद्ध.

डॉक्टर रागिणी म्हणून बाई आहेत, वयानं माझ्या मुलीहून लहान. त्यांनी रिपोर्ट दाखवला. बत्तीस आकडे. कृषी विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं सहायक होतो, आकड्यांना घाबरत नाही. एकेक विचारत गेलो. विसाव्या आकड्याला त्यांनी घड्याळ पाहिलं. एक आकडा लाल होता. अल्ब्युमिन १.९. पाहिजे साडेतीनच्या वर.

"हे रक्तातलं प्रथिन, काका. एवढ्या आजारी माणसात ते फार कमी असलं की आम्हाला काळजी वाटते. पण हा एकटा आकडा धरून..."

तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं. मुख्य मुद्दा मला कळलाच होता. प्रथिन कमी आहे. माती असो की माणूस, जे कमी असेल ते टाकायचं.

७ जानेवारी, मंगळवार.

भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. दहा मिनिटं, एकच माणूस. मी तिला आजचे आकडे वाचून दाखवले. संघपाल दाराच्या काचेतून पाहत होते. नंतर म्हणाले, "बाबा, काही प्रेमाचं बोला ना. ऐकू येतं म्हणतात." मी म्हटलं, किडनीचं क्रिएटिनिन उतरलं, यापेक्षा प्रेमाचं काय बोलणार?

बाहेरच्या बाकावर चांदूर रेल्वेचे भगवंतराव म्हणून गृहस्थ भेटले. त्यांचे मोठे भाऊ जानराव बेड पाचवर, न्यूमोनियानं. त्यांनी "राम राम" केलं, मी "जय भीम" केलं आणि लगेच मुद्द्यावर आलो.

"तुमचं अल्ब्युमिन किती?"

"ते काय असते?"

मी सगळं समजावून सांगितलं. ते आत जाऊन विचारून आले. परत येताना चाल बदललेली होती.

"आमच्या भाऊचा अल्बम दोन पूर्णांक सहा हाय. तुमचा?"

मी म्हटलं, तपासणी चालू आहे.

८ जानेवारी, बुधवार.

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे निव्वळ अल्ब्युमिन! मोबाइलवर सापडलं. इतकी सोपी गोष्ट डॉक्टरांना कशी सुचली नाही?

सकाळी अंड्यांचा ट्रे आणून स्वतः उकडायला ठेवली. एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच काही शिजवलं. अंडी किती वेळ उकडायची हे मोबाइलवर वाचत होतो, तेवढ्यात पाणी आटलं आणि आठ अंडी फुटली. प्रियदर्शनी धावत आली. "बाबा, घर पेटवता काय?" दुसरा घाणा बरा झाला. अठरा अंड्यांचे पांढरे भाग डब्यात भरून, मीठ-मिरे टाकून आयसीयूत नेले.

शालू सिस्टर म्हणून आहेत, अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. म्हणाल्या, "काका, आजीच्या तोंडात नळी आहे. अंडं कुठून जाईल?"

"नाकातल्या नळीतून."

"त्यातून काय द्यायचं ते आहारतज्ज्ञ मॅडम ठरवतात. पावडरचं दूध, मोजून. अंडं नाही चालत."

मी डबा धरून तसाच उभा राहिलो. डोळ्यात कचरा गेला होता बहुतेक, एसीमुळे. शालू सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेवून जा, काका. आम्ही बघतो."

संध्याकाळी डबा रिकामा मिळाला. अठराच्या अठरा गेली!

१० जानेवारी, शुक्रवार.

तीन दिवसांत चौपन्न अंडी. एकही परत आलं नाही. शालू सिस्टर आज म्हणाल्या, "काका, उद्या मीठ जरासं जास्त टाका. आणि जमलं तर हिरवी चटणी." नाकातून जेवणाऱ्याला मिठाची चव कशी कळते, हे विज्ञान मला कळलं नाही. पण सत्यवतीला पहिल्यापासून चटणी लागतेच, म्हणून आणायचं ठरवलं.

बलकांचा प्रश्न आहे. रोज अठरा बलक उरतात. प्रियदर्शनी त्यांची भाजी करते. संघपाल तीन दिवसांपासून डब्यातही तेच नेतात, तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. त्यांना बलक आवडतात हे मला आजवर माहीत नव्हतं.

दुपारी रिपोर्ट आला. अल्ब्युमिन १.७.

मी डॉक्टर रागिणींना गाठलं. "चौपन्न अंड्यांनी वाढायच्या ऐवजी कमी झालं?"

"कोणती अंडी?"

पाठीमागे शालू सिस्टर जोरजोरात खोकत होत्या. हवा खराब आहे सध्या. मी विषय बदलला, खाजगी गोष्ट आहे.

डॉक्टर खुर्चीवर बसल्या, मलाही बसवलं. म्हणाल्या, "काका, एवढ्या मोठ्या संसर्गात रक्तवाहिन्या गळायला लागतात, गाळणीसारख्या. प्रथिन बाहेर झिरपतं. लिव्हरही ते बनवायचं सोडून दुसऱ्या कामाला लागतं. म्हणून आकडा पडतो. पोटात काय गेलं त्यापेक्षा शरीर किती अडचणीत आहे, हे तो सांगतो."

"मग अल्ब्युमिनची बाटलीच लावा ना शिरेतून. मिळते म्हणतात."

"मिळते. गरज असली तर लावूही. पण नुसता आकडा चढवायला नाही. रिपोर्ट सुधारेल, काका. पेशंट सुधारेलच असं नाही."

घरी येताना मला बार्शीटाकळीचा गोवर्धन म्हणून एक शेतकरी आठवला. माती तपासायला आणायचा आणि म्हणायचा, "साहेब, कार्डावर नत्र जरासं जास्त लिहा ना, बरं वाटते." मी हा किस्सा कॅन्टीनमध्ये वीस वर्षं सांगितला. लोक फार हसायचे. आज सांगावासा वाटला नाही.

तरी उद्यापासून चोवीस अंडी.

११ जानेवारी, शनिवार.

भगवंतरावांनी आज सगळ्या बाकांवर पेढे वाटले. जानराव २.९. मला मुद्दाम दोन दिले. "खा भाऊ, तुमचाबी चढंल."

मी म्हटलं, गोड चालत नाही. मग ते आत गेल्यावर दोन्ही खाल्ले. माणसाच्या भावाला बरं वाटतंय आणि मला त्याचा राग येतोय. हे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगता येत नाही.

१२ जानेवारी, रविवार. अकोला.

सत्यवतीचे जुने रिपोर्ट हवेत म्हणून डॉक्टरांनी मला घरी पाठवलं. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं आलो.

अडतीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला आणि घरात फाइल कुठे असते हे मला माहीत नाही. दोन तास शोधली. पिठाच्या डब्यातही पाहिलं. शेवटी प्रियदर्शनीला फोन केला. ती म्हणाली, "कपाटात, तुमच्या डोळ्यांसमोर."

खरंच डोळ्यांसमोर होत्या. दोन फाइली, दोन्हींवर सत्यवतीचं स्केचपेननं लिहिलेलं. एकीवर "यांचे", दुसरीवर "माझे". "यांचे" एवढी जाड की नाडी बांधलेली. माझी प्रत्येक सर्दी त्यात आहे. २००९ साली मला उचकी लागली होती, त्याचीसुद्धा चिठ्ठी आहे. "माझे" मध्ये तीन कागद. समाधान वाटलं. म्हणजे तिची प्रकृती मुळात चांगली होती.

एक कागद दोन वर्षांपूर्वीचा, तेव्हा अल्ब्युमिन ४.१. चार पूर्णांक एक! भगवंतरावांना दाखवायला वेगळा काढून ठेवला.

शेवटचा कागद गेल्या नोव्हेंबरचा. "लघवीत जंतुसंसर्ग. औषध पाच दिवस. आठ दिवसांनी पुन्हा तपासणी." पुन्हा तपासणीचा कागद नाही. मी सगळं कपाट उलथंपालथं केलं, नाही. त्या आठवड्यात माझं दाढेचं चाललं होतं. चार चकरा झाल्या होत्या, चारही वेळा ती सोबत होती. त्या चारही चिठ्ठ्या "यांचे" मध्ये व्यवस्थित आहेत.

स्वयंपाकघरात पाण्याच्या मोटारीचं बटण सापडलं नाही. शेजारून कळशीभर पाणी आणलं. अर्धा तास पलंगावर बसून होतो. मग निघालो.

१४ जानेवारी, मंगळवार. अमरावती.

अल्ब्युमिन १.६. आजवरचं सगळ्यात खाली. आणि त्याच तोंडानं डॉक्टर म्हणतात, "श्वासाची नळी काढतोय आज."

मी रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. "एक पूर्णांक सहावर? मॅडम, १.९ होतं तेव्हा नळी टाकली आणि १.६ झालं तर काढता? हिशोब कसा जमतो?"

"काका, बीपी टिकवायचं औषध कालच बंद केलं. लघवी चांगली होतेय. सकाळपासून स्वतः श्वास घेतायत. सांगितलं की माझं बोट दाबतायत."

"पण आकडा?"

"आकडा मागून येईल. त्याला वेळ लागतो, आठवडे लागतात. मी तुमच्या मिसेसवर इलाज करतेय, कागदावर नाही."

मी बाहेर येऊन बसलो. चौतीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलो की कार्ड म्हणजे शेत नाही, एकदा पीक जाऊन पाहा. हे वाक्य माझं होतं. प्रयोगशाळेत सगळे हसत माझी नक्कल करायचे, इतकं माझं होतं.

भगवंतरावांनी तिळाचा लाडू दिला. जानराव ३.०. "उद्या वार्डात आणतो म्हणले." या वेळी मी लाडू त्यांच्यासमोरच खाल्ला.

चार वाजता नळी काढली. ती अजून बोललेली नाही. पण पाच वाजता मी आत गेलो तेव्हा डोळे उघडे होते. मी आकडे वाचायला कागद काढला, तर तिनं डोळे मिटून घेतले. थकली असेल.

१५ जानेवारी, बुधवार.

जानराव आज सकाळी साडेनऊला गेले. हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टर रागिणी पाऊण तास झटत होत्या, बाहेर आल्या तेव्हा घामानं भिजलेल्या.

भगवंतराव माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तीन होता हो, भाऊ. पुरा तीन."

 खिशात तो ४.१ चा जुना कागद होता, त्यांना दाखवायला म्हणून आणलेला. खिशातच घडी करत राहिलो. चहा आणून दिला. त्यांनी तो हातातच थंड होऊ दिला. गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. जानराव शेतात पाटाचं पाणी सोडताना गाणं म्हणत आणि दोन शेतं सोडून लोकांना ऐकू जात असे, हे त्यांनी मला सांगितलं. नऊ दिवस एका बाकावर बसलो आणि मी त्यांच्या भावाबद्दल आकड्यापलीकडे एक प्रश्न विचारला नव्हता.

आज अंडी उकडली नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार.

सत्यवती बोलली!

आवाज घोगरा, पण तिचाच. पहिलं वाक्य माझ्याकडे बघून: "दाढी काहून नाई केली?"

 मग जे सुचलं ते बोललो. म्हटलं, "सत्यवती, तुले माहीत नाई, म्या तुह्यासाठी किती अंडी उकडली. रोज! शंभरावर गेली. स्वतःच्या हातानं!"

"कोन खाल्ली?"

"तूच."

"मी?" तिनं नाकातली नळी दाखवली. "यातून?"

मी शालू सिस्टरकडे पाहिलं. शालू सिस्टरनी सलाइनकडे पाहिलं. सलाइन बराच वेळ पाहण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "काका, पहिल्या दिवशी तुमचा चेहराच असा होता... नाही म्हणवलं नाही हो. मग अंडी वाया जातील म्हणून आम्ही सगळ्यांनी... दोन्ही पाळ्यांनी... वार्डबॉयनं पण. काका, चटणी फार झकास होती."

मला राग आला होता. खरंच आला होता. पण तेवढ्यात सत्यवती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग घशातून खर्र असा आवाज आला, मग ती हसत खोकत सुटली आणि वरचं यंत्र ठणाणा वाजायला लागलं. दोन सिस्टर धावल्या, डॉक्टर रागिणी पडदा सारून आल्या, "काय झालं? काय झालं?" कुणाला सांगता येईना. शालू सिस्टर तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यात.

डॉक्टरांनी यंत्राचा आवाज बंद केला, सत्यवतीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काका, बाहेर थांबा थोडं. तुम्ही पेशंटला हसवता आहात."

बाहेर येऊन मी रडलो. इथे एसी नव्हता, कचरा वगैरे काही नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार.

वॉर्डात हलवलं. आता तोंडानं खाते. आज तिच्यासाठी एक अंडं उकडून नेलं. तिनं अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "कच्चं हाय." उरलेलं मीच खाल्लं. कच्चं होतं.

नोव्हेंबरच्या कागदाबद्दल विचारलं. पुन्हा तपासायला का गेली नाहीस?

"सांगतलं होतं तुमाले. म्हटलं, जळजळ होते अजून, दवाखान्यात चाला. तुमी म्हणले, आधी माही दाढ होऊ दे."

"मग?"

"मग तुमची दाढ झाली."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, बेड पाचवरचे बुवा कसे हायेत. मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी गेले काय त्यायच्या घरी?"

मी जायला पाहिजे हे मला सुचलंच नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार.

चांदूर रेल्वेला जाऊन आलो. भगवंतरावांनी शेत दाखवलं, हरभरा चांगला आहे. बांधावर एक जागा दाखवून म्हणाले, "इथं उभा राहून गात होता." मी माती हातात घेऊन पाहिली, सवय आहे. त्यांनी विचारलं, कशी हाय? मी म्हटलं, चांगली आहे. तपासायची गरज वाटली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. अकोला.

घरी येऊन दहा दिवस झाले. सत्यवती काठी धरून चालते. आज इथल्या डॉक्टरांकडे पहिली फेरतपासणी होती. मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, आकड्यांचा तक्ता करून नेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "बोला आजी, काय त्रास आहे?"

मी म्हटलं, "तसा त्रास काही नाही. भूक मध्यम, झोप चांगली..."

"मले इचारून राहिले ते," सत्यवती म्हणाली, "तुमाले नाई."

डॉक्टरांनी पेन काढलं. मी गप्प बसलो. आणि ती बोलायला लागली. बोलतच राहिली. डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. रात्री लघवीला चारदा उठावं लागतं, आजारपणाच्या कितीतरी आधीपासून. न्हाणीघरातल्या फरशीची तिला भीती वाटते, म्हणून ती एका हातानं नळ धरून आंघोळ करते. कपाटाच्या वरच्या खणातलं काढताना चक्कर येते. उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

यातलं एकही मला माहीत नव्हतं. मी तक्त्याचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घ्यायला लागलो.  डॉक्टरही लिहीत होते.

"अजून काही, आजी?"

सत्यवतीनं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "हाय ना. हे घोरतात. अडतीस वर्सं झाली, मी एक दिवस धड झोपली नाई. लिवा, लिवा. तेबी लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं. माझ्या कागदावर ते सहाव्या नंबरला आहे. आजपासून माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत.